बोरघाटातलं बंद झालेलं रिव्हर्सिंग स्टेशन: गणपतीच्या देखाव्यासाठी नेमकी माहिती हवी

कसबेकर_देखावे (रवि, 21:10)
मंडळी, यंदा घरच्या गणपतीपुढे बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी जिथे दिशा उलटून पुढे निघायची ते, करायचं ठरलंय. जागा 8 बाय 4 फुटांचा एक प्लाय. एचओ मापाचे (खऱ्याच्या 87 पट लहान) रूळ, एक इंजिन आणि तीन डबे हाताशी आहेत.

बेत असा: उजवीकडे खाली कर्जत, उजवीकडेच वर खंडाळा, डावीकडे सोंडेवर स्टेशन. स्टेशनात दख्खनची राणी उभी, तिला विजेचं खेकडा इंजिन. मागे 1830 चा अमृतांजन पूल आणि त्याखालून द्रुतगती मार्ग. डोंगर थर्माकोलचे.

प्रश्न तीन. गाडी तिथे नेमकी कशी उलटायची, इंजिन फिरायचं की अख्खी गाडी? हे स्टेशन बंद का झालं? आणि 37 ला 1 (37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर) हा चढ प्लायवर कसा बसवायचा?

चुका असतील तर आत्ताच सांगा. आरतीला आलेल्या पाहुण्यांनी सांगण्यापेक्षा बरं.

पेठी_खवचट (रवि, 21:22)
एका प्लायवर 170 वर्षं बसवलीत की. ज्ञानेश्वरांची भिंत तेवढी राहिली, तीही घ्या.

सांधेवाला (रवि, 21:40)
बेतात चार मोठ्या चुका आहेत.

दख्खनची राणी सुरू झाली 1 जून 1930 ला. कल्याण ते पुणे विजेच्या तारा 1929 मध्ये पूर्ण झाल्या आणि त्याच कामात नवे बोगदे काढून मार्ग वळवला, रिव्हर्सिंग टाळलं. म्हणजे राणीने हे स्टेशन कधी पाहिलंच नाही.

खेकडा इंजिनं 1928 पासून आली. ती घाटातल्या मालगाड्यांसाठी. रिव्हर्सिंगमध्ये वाफेचं इंजिनच हवं, वर एकही तार नको.

द्रुतगती मार्ग पूर्ण झाला 2002 मध्ये. तेव्हा स्टेशन बंद होऊन 70 वर्षं उलटली होती.

चौथी चूक 1830 ची, पण त्यावर इथे मारामारी होणार, म्हणून ती नंतर.

हरित_कोथरूड (रवि, 21:48)
पाचवी चूक. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. डोंगरासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणा, वर शाडू आणि कागदाचा लगदा मिसळून अर्धा सेंटिमीटरचा थर द्या. लगद्यात मूठभर मेथीपूड टाका, कीड लागत नाही. सुकायला भाद्रपदात चार दिवस धरा. थर जाड दिलात तर विसर्जनापर्यंत ओलाच राहील आणि प्लाय फुगेल.

घाटवाट (रवि, 22:30)
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण बहुतेकांना वाटतं तिथे गोल चकती होती आणि गाडीच फिरवायचे. अख्खी गाडी फिरवायची चकती जगात कुठे नसते.

इंग्रजी Z आठवा, पण कोपरा एकच. कर्जतकडून चढत आलेला रूळ आणि खंडाळ्याकडे चढत जाणारा रूळ हे दोन्ही स्टेशनच्या एकाच तोंडाला येऊन मिळतात. स्टेशनचं दुसरं टोक बंद. त्यापुढे दरी.

पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा क्रम असा. गाडी तोंडावरचा सांधा (एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जागा) ओलांडून पूर्ण आत येते, शेवटचा डबा सांध्याच्या पलीकडे गेला पाहिजे. डब्यांचे हातब्रेक आवळायचे, चाकांखाली अडण्या लावायच्या. मग इंजिन सोडायचं. ते पुढे बंद टोकाकडच्या तुकड्यात जातं, सांधा बदलतो, शेजारच्या रुळावरून मागे येऊन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. ब्रेक तपासायचे, तोंडावरचा सांधा खंडाळ्याकडे लावायचा आणि गाडी निघते. आता जो डबा शेवटचा होता तो पहिला. मुंबईहून इंजिनाकडे तोंड करून बसलेला प्रवासी पुण्यात पाठमोरा पोचायचा.

म्हणजे देखाव्यात किमान तीन सांधे लागतील: एक तोंडावर, दोन इंजिन फिरवायच्या फाट्याला.

बावधन_बुद्रुक (रवि, 22:41)
पाठमोरा पोचायचा 😂 पुण्यात येणाऱ्या मुंबईकराची अवस्था अजून तीच आहे.

आयटी_हिंजवडी (रवि, 22:55)
एक शंका. हे असं अर्धवट डिझाइन करायचंच कशाला? सरळ वळसा घालून गेले असते. मला तर ही त्या काळच्या इंजिनिअरची चूक वाटते. साठ वर्षं प्रत्येक गाडी थांबवली.

घाटवाट (रवि, 23:20)
@आयटी_हिंजवडी, चूक नव्हे, हिशोब होता.

पायथ्यापासून घाटमाथ्यापर्यंत 1831 फूट चढायचं होतं आणि त्यासाठी 15 मैल 68 साखळ्या (80 साखळ्यांचा एक मैल) लांबीचा मार्ग मिळाला. भागाकार करा, सरासरी चढ 46 ला 1 येतो. सर्वांत तीव्र तुकडा 37 ला 1. ही उंची गाठायला लांबी हवी, आणि सह्याद्रीच्या भिंतीवर लांबी फक्त सोंडांवर मिळते. सोंडेच्या टोकाला पोचलात की पुढे दोन्ही बाजूंना कडा. तिथे वळण घ्यायचं तर भलीमोठी त्रिज्या लागते, म्हणजे कातळात लांब बोगदा. तेव्हा बोगदा म्हणजे हाताने पहार मारून भोक पाडायचं, बंदुकीची दारू भरायची. डायनामाइटचं पेटंट 1867 चं, घाट उघडला 21 एप्रिल 1863 ला. उलटा फाटा काढला की वळणच लागत नाही, सोंडेच्या माथ्यावर एक सपाट पट्टी पुरते.

जेम्स बर्कली हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य अभियंता. त्याने थळ घाटात, म्हणजे कसाऱ्यालाही, हाच उपाय वापरला. ऑस्ट्रेलियातला लिथगोचा प्रसिद्ध झिगझॅग 1869 चा, आपल्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. बर्कली स्वतः 1862 मध्येच वारला, घाट उघडलेला त्याने पाहिला नाही.

तरीही 25 बोगदे आणि 8 मोठे कमानी पूल करावे लागलेच.

पेठी_खवचट (रवि, 23:31)
थोडक्यात, हिंजवडीच्या रस्त्यांपेक्षा जास्त विचार झाला होता.

आयटी_हिंजवडी (रवि, 23:33)
हे लागलं. पण बरोबर आहे.

मावळा_वडगाव (सोम, 07:15)
घाटाआधीचं चित्र कुणी सांगितलं नाही. खंडाळा ते पुणे गाडी 14 जून 1858 लाच सुरू झाली होती. खाली मुंबईकडून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत रूळ 1856 मध्ये पोचले होते. मधला घाट पालखी, तट्टू, बैलगाडी किंवा पायी. म्हणजे पाच वर्षं पुणे-मुंबई प्रवास दोन आगगाड्या आणि मध्ये एक डोंगर असा होता.

खोपोलीचा फाटा ही त्या व्यवस्थेचीच उरलेली शेपटी. घाट झाल्यावर मुख्य मार्ग कर्जतकडून गेला, खोपोली बाजूला पडली. आज त्यावर मुंबईची लोकल धावते. बंद झालं ते रिव्हर्सिंग, टिकली ती खोपोली.

आणि कृपा करून 'भोर घाट' लिहू नका कुणी. इंग्रजांच्या स्पेलिंगमधून आलेला घोळ आहे. भोर वेगळं, वरंध्याकडे. हा बोरघाट.

कर्वेनगर_कट्टा (सोम, 09:02)
अवांतर: घाट चढणारी गाडी 'डाऊन' आणि उतरणारी 'अप' का म्हणतात?

सांधेवाला (सोम, 09:20)
उंचीशी संबंध नाही. मुंबईकडे जाणारी ती अप, मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन. म्हणून 1831 फूट चढते ती डाऊन. घाटात तिसराही रूळ आहे, त्याला मिडल म्हणतात.

बोगदे मोजायची पैज लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा. तिन्ही रूळ सगळीकडे शेजारी शेजारी नाहीत, त्यामुळे गाडी कुठल्या रुळावरून गेली त्यावर आकडा बदलतो. दोघेही बरोबर असू शकतात.

इतिहासप्रेमी_सदाशिव (सोम, 11:45)
देखाव्याखाली माहितीची पाटी लावणार असाल तर एक नाव जरूर लिहा: अ‍ॅलिस ट्रेडवेल.

काम 1856 च्या जानेवारीत सुरू झालं. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. मजुरीच्या थकबाकीवरून 1859 मध्ये मजुरांचा उठाव झाला, त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही दिवसांतच आजारी पडून मेला. कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, स्वतःच्या नावावर चालवलं. प्रत्यक्ष कामावर अ‍ॅडमसन आणि क्लाउजर हे दोन अभियंते तिने नेमले आणि घाट पुरा करून दिला. 1861 च्या सुरुवातीला घाटात 42 हजारांवर माणसं कामाला होती. पटकी आणि हिवतापाने त्यातली हजारो दगावली. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

सूर्यास्त_पॉइंट (सोम, 12:10)
देखाव्यात मजुरांच्या झोपड्या दाखवा मग. स्टेशनच्या इमारतीपेक्षा खरं चित्र होईल.

एक्स्प्रेस_वे_रोजचा (सोम, 13:05)
अमृतांजन पुलाबद्दल. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत तो सुरुंग लावून पाडला, तेव्हा सगळ्या बातम्यांत '190 वर्षांचा ब्रिटिशकालीन पूल' असंच होतं. 1830 चूक कसं म्हणता?

सांधेवाला (सोम, 13:30)
आली मारामारी.

तो पूल कशाचा होता ते आधी बघा. तो रिव्हर्सिंगच्या जुन्या रेल्वेमार्गाचा कमानी पूल. मालकीही रेल्वेचीच होती, म्हणून पाडायला इतकी वर्षं परवानग्यांचे कागद फिरले. आता सांगा, हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे धावली. घाटाचं काम 1856 ला सुरू झालं. मग घाटात आगगाडीचा पूल 1830 मध्ये कोण बांधेल, आणि कशासाठी?

एक्स्प्रेस_वे_रोजचा (सोम, 13:38)
आधी रस्त्याचा पूल असेल, नंतर रेल्वेने वापरला असेल.

घाटवाट (सोम, 14:15)
तसं जमत नाही. बैलगाडीचा घाटरस्ता कुठेही वळतो, कितीही चढतो, 15 ला 1 सुद्धा. रेल्वेला 37 ला 1 च्या वर जायची मुभा नाही आणि वळणही मोठ्या त्रिज्येचं लागतं. रस्त्यासाठी बांधलेला पूल नेमक्या त्या रेषेत, त्या उंचीवर आणि त्या चढाला आयता सापडणं म्हणजे लॉटरीच.

1830 हे साल मात्र हवेतून आलेलं नाही. घाटातला गाडीरस्ता त्या साली नोव्हेंबरमध्ये खुला झाला, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. रस्त्याचं साल रेल्वेच्या पुलाला चिकटलं आणि मग एकाचं वाचून दुसऱ्याने छापलं. नाव तर त्याहून गमतीचं, तिथे लागलेल्या अमृतांजन बामच्या जाहिरातफलकावरून पडलेलं.

पेठी_खवचट (सोम, 14:22)
तिथे रोज तुंबणारी वाहनं पाहता डोकेदुखीचा बामच योग्य होता.

एक्स्प्रेस_वे_रोजचा (सोम, 14:40)
वळणाच्या त्रिज्येचा मुद्दा पटला. मागे घेतो.

सांधेवाला (सोम, 14:44)
स्क्रीनशॉट काढून ठेवा रे, मराठी धाग्यावर कुणीतरी मुद्दा मागे घेतला.

बँकर_इंजिन (सोम, 20:30)
दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, तो मी घेतो. स्टेशन का बंद झालं?

वेळ गेला, हे वरवरचं कारण. खरं कारण लांबी. बंद टोकाच्या स्टेशनात गाडी मावायला हवी, अधिक इंजिन सुटून पुढे जायला जागा. सोंडेचा माथा जेवढा लांब तेवढीच गाडी. 1863 मध्ये डबे आखूड, चार चाकांचे, तेव्हा चाललं. पुढे बोगीचे लांब डबे आले, गाड्या वाढल्या. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दरी, स्टेशन वाढवायचं कुठे? मग गाड्या तोडून दोन खेपांत न्या, नाहीतर आखूडच ठेवा.

शिवाय प्रत्येक गाडी तोंडावरचा एकच सांधा अडवणार. चढणारी गाडी इंजिन फिरवत बसली की उतरणारी वर थांबणार. घाटाची क्षमता त्या एका सांध्यावर ठरायची.

तिसरं, धोका. सुरुवातीला अख्ख्या गाडीला एका दांड्याने ब्रेक लागायची सोय नव्हती. ठरावीक डब्यांत ब्रेकवाले बसायचे आणि शिटीच्या इशाऱ्यावर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. घाटाच्या इंजिनांना रुळावर दाबून बसणारे स्लेज ब्रेक होते. उतरताना अंदाज चुकला तर समोर बंद टोक. 1869 च्या जानेवारीत तसंच झालं, उतरती गाडी आवरली नाही आणि रिव्हर्सिंगला अपघात झाला. त्याआधी 1867 च्या जुलैमध्ये मऊकी मल्लीचा कमानी पूल कोसळला होता, उघडून चार वर्षंच झाली होती. बाहेरून घडीव दगड आणि आतलं बांधकाम कच्चं.

विजेवर आल्यावर नव्या मार्गाचा खर्च परवडू लागला. पण लक्षात घ्या, उलटा फाटा गेला तरी 37 ला 1 गेला नाही. तो आजही तोच आहे.

आयटी_हिंजवडी (सोम, 20:52)
मग आजची इंजिनं एवढी ताकदवान असून कर्जतला मागे इंजिनं का लावतात?

बँकर_इंजिन (सोम, 21:25)
गणित करून बघा. 24 डबे, भरलेला डबा सरासरी 50 टन धरला तर 1200 टन. 37 ने भागा: गाडी मागे घसरू नये एवढ्यासाठीच 32 टनांहून जास्त ओढ लागते. वर चाकांचं आणि वळणांचं घर्षण वेगळं. डब्ल्यूएपी-7 या विजेच्या इंजिनाची सुरुवातीची कमाल ओढ 33 टनांच्या आसपास. म्हणजे ते गाडी जेमतेम धरेल. पावसात रूळ ओले असले की तेवढीही नाही.

दुसरं कारण कपलिंग. सगळं वजन पुढून ओढलं तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर पूर्ण ताण. मागून ढकललं की ताण वाटला जातो. आणि मध्ये कपलिंग तुटलंच तर मागचा तुकडा बँकर, म्हणजे हे मागे लावलेलं इंजिन, धरून ठेवतो.

24 आयसीएफ (जुन्या धाटणीच्या) डब्यांची गाडी साधारण 535 मीटर. 37 ला 1 वर तिचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा साडेचौदा मीटर वर असतं. पहिल्या डब्यातला माणूस शेवटच्या डब्यातल्याच्या चार-पाच मजले डोक्यावर.

वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण मोटारी अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत. सगळी ओढ दोन टोकांना एकवटलेली नसते.

कर्वेनगर_कट्टा (सोम, 21:31)
आणि बँकर लावेपर्यंत कर्जतचा वडा खाऊन होतो, हे सर्वांत महत्त्वाचं कारण राहिलं.

बावधन_बुद्रुक (सोम, 21:34)
धाग्याचं कर्जत करू नका.

मावळा_वडगाव (सोम, 21:50)
उतरताना मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडीच्या केबिनजवळ गाड्या का रेंगाळतात तेही सांगा. लोकांना वाटतं सिग्नलची बोंब आहे.

सांधेवाला (सोम, 22:20)
बोंब नाही, ती ब्रेकची परीक्षा आहे. उतारावर कॅच सायडिंग असतात. मुख्य रुळातून फुटून डोंगरावर उलट चढत जाणारा आंधळा फाटा. इथला सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी सांध्याआधी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत, की मगच सांधा मुख्य मार्गाला लावतात. थांबलीच नाही तर ती आपोआप फाट्यावर चढते आणि चढणीने जोर मोडतो.

ही रिव्हर्सिंगचीच कल्पना, उलटी वापरलेली. तिथे बंद टोकाशी थांबावंच लागायचं, इथे थांबता येतं का ते तपासतात.

पेठी_खवचट (सोम, 22:31)
अवांतर: बंद स्टेशनांची यादी करताय तर भांबुर्डाही धरा. स्टेशन चालू आहे, नाव बंद पडलं. आता शिवाजीनगर.

ट्रेकर_रावेत (मंगळ, 08:10)
रविवारी मंकी हिलहून रुळावरून चालत रिव्हर्सिंगचे अवशेष बघून येता येईल का? देखाव्यासाठी फोटोही मिळतील.

सांधेवाला (मंगळ, 08:25)
नाही. रेल्वे कायद्याचं कलम 147, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा सोडा, बोगद्यात अंगाला चिकटून गाडी जाते, बाजूला उभं राहायला कोनाडे सगळीकडे नाहीत. उतरती गाडी आवाजही फार करत नाही. ढोबळ भूगोल कळण्यापुरतं खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून पाहा. रेल्वे, दरी, सोंडा, सगळं समोर मांडलेलं असतं. तेही पाऊस उघडल्यावर. धुक्यात फक्त भजी दिसतात.

कसबेकर_देखावे (मंगळ, 21:15)
सगळ्यांचे आभार. बेत बदलला: काळ 1870 च्या आसपास, वाफेचं इंजिन, चार चाकांचे तीन डबे, कमानी पूल रेल्वेचा. द्रुतगती मार्ग रद्द, थर्माकोल रद्द, राणी पुढच्या वर्षी. पण तिसरा प्रश्न राहिलाच, चढ कसा बसवू? इंजिन 110 मिमी, डबा 90 मिमी.

घाटवाट (मंगळ, 22:40)
आधी मनाची तयारी करा. एचओ म्हणजे 87 ला 1. घाट खऱ्या मापात केला तर रूळ 293 मीटर लांब आणि उंची 6.4 मीटर. कसब्यातल्या वाड्याचा दुसरा मजला फोडावा लागेल. म्हणून फक्त स्टेशन आणि दोन्ही बाजूंचे तुकडे करा, चढ मात्र खरा ठेवा.

डावीकडून मोजा, प्लाय 2440 मिमी. बंद टोकाशी इंजिन उभं राहायला 130. पहिला सांधा 170. डबे उभे राहायची मोकळी लांबी 300. दुसरा सांधा 170. तोंडावरचा तिसरा सांधा 170. एकूण 940. उरले 1500. त्यात कर्जतचा रूळ खाली आणि खंडाळ्याचा वर जाईल. 1500 भागिले 37, म्हणजे प्रत्येकी 40 मिमी. उजव्या कडेला दोन रुळांच्या उंचीत 80 मिमीचा फरक पडेल. दिसायला कमी वाटेल, पण बघणाऱ्याला चढ कळतो, कारण दोन्ही रूळ एकाच सांध्यातून फुटतात.

स्टेशन गोट्या ठेवल्या तरी हलणार नाहीत इतकं सपाट हवं, नाहीतर इंजिन सुटलं की डबे घरंगळतील. स्पिरिट लेव्हल लावा. संपूर्ण स्टेशन 50 मिमी उंच चौकटीवर घ्या, म्हणजे कर्जतकडे उतरायला जागा मिळेल. चढाची सुरुवात एकदम कोनात नको. पहिले 150 मिमी हळूहळू वाकवा, नाहीतर इंजिनाची मधली चाकं उचलली जातात आणि वीज तुटते. 12 मिमी प्लायची पट्टी दर 300 मिमीला ठोकळ्यावर टेकवा: 8, 16, 24, 32, 40. ठोकळ्याच्या उंचीत एक मिमीची चूक झाली तरी तिथला चढ 37 वरून 33 ला 1 होतो.

एचओचे रूळ आपल्या 1676 मिमीच्या रुंद मापापेक्षा जरा अरुंद दिसतील. तिकडे डोळेझाक करा.

हरित_कोथरूड (मंगळ, 22:52)
लगदा रुळाच्या आधी लावा, नंतर नको. सुकताना तो ओढला जातो आणि सांधे वाकतात. आणि निरांजन देखाव्यापासून हातभर लांब.

बँकर_इंजिन (मंगळ, 23:10)
एक राहिलं. तीन डब्यांत गार्डाचा ब्रेकचा डबा कुठला? चढताना तो सर्वांत मागे हवा, म्हणजे गाडी तुटली तर तो धरेल. पण रिव्हर्सिंगला गाडी उलटली की तोच पुढे येतो आणि मागे ब्रेकच राहत नाही. दोन्ही टोकांना ब्रेकचा डबा लावा. नाहीतर माझ्यासारखा कुणी आरतीला आला तर विचारेल.

कसबेकर_देखावे (मंगळ, 23:28)
म्हणजे चौथा डबा. मोकळी लांबी 300 ची 390 झाली, स्टेशन 1030. उरले 1410, प्रत्येकी 38 मिमी. ठोकळे परत कापतो.

आणि बंद टोकापुढे मूषक ठेवला होता, तो 90 मिमी डावीकडे सरकवला तर थेट प्लायवरून खाली. त्याला राजमाची पॉइंटवर नेऊन बसवतो.